हिरोच्या छातीवरचा पंखा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मला मध्ये थांबावं लागणार नाही. सिनेमावाल्यांकडं माझी जी शोभा झाली ती मी आजवर फक्त बायकोला सांगितली होती. तिलाही सांगावी लागली नव्हती खरं तर, ती तिथं हजरच होती.

मी काम करतो आपल्या सोलापूरच्या एमआयडीसीत. टॉवेल विणणाऱ्या मागांचे सुटे भाग कॉम्प्युटरवर डिझाइन करायचे. स्क्रीनवर थ्रीडी मॉडेल बनवायचं, चारी बाजूंनी फिरवून बघायचं, चाकांचे दात एकमेकांत नीट बसतायत का ते तपासायचं आणि मग बनवायला द्यायचं. कामात ग्लॅमर शून्य. पण माझे सासरे बार्शीला धान्याच्या आडतीत बसतात आणि तिथं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "आमचं जावई कॉम्प्युटरात मशिनी बनिवत्यात." ते ऐकून बार्शीजवळच्या वैरागच्या एका पोरानं माझा नंबर घेतला. विशाल त्याचं नाव. पुण्याला राहून दोन-चार लघुपट केलेले आणि आता पहिला मोठा सिनेमा काढत होता, तोही सोलापुरात.

त्याचा फोन आला तेव्हा मी कारखान्यात उभा होतो आणि मागं दोन माग चालू होते. सोलापूरकराला सांगायला नको, माग चालू असताना शेजारचा माणूस बोंबलला तरी फक्त तोंड हललेलं दिसतं.

"दादा, सिनेमासाठी एक वस्तू बनवायचीय. हिरोच्या छातीवर असती. स्टीमपंक पायजे."

मला काय ऐकू आलं? 'स्टीम पंका.' आता वैरागचा माणूस. आमच्याकडं 'तुम्ही'चं 'तुमी' होतं, 'आम्ही'चं 'आमी' होतं, तर 'पंखा'चा 'पंका' का नाही होणार? मी मनातल्या मनात त्याचा 'क' पुसून 'ख' लिहिला. शिकलेला माणूस ना मी. शुद्धलेखन आपोआप होतं.

"वाफेवर चालणारा?" मी विचारलं.

"वाफ दिसली पायजे बगा. पितळी, दातेरी चाकं, जुन्या काळातलं वाटायला पायजे. आणि दादा, हे काळजाचं काम हाय."

"अगदी काळजापासून करतो," मी म्हणालो.

हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखं होतं. मी नाही ठेवलं.

घरी येऊन विचार करायला लागलो आणि डोक्यात गोंधळ सुरू झाला. हिरो छातीवर पंखा बांधून का फिरतो? पण मे महिना होता, दुपारचे डांबरी रस्ते तव्यासारखे तापले होते. म्हटलं, गोष्ट सोलापुरात घडत असेल तर यात अशक्य काय आहे? मलाही एक बांधावासा वाटतच होता.

माप विचारायला मी विशालला फोन केला.

"तसं बगितलं तर मुठीएवढंच असतंय," तो म्हणाला, "पण पडद्यावर दिसायचं नाय. आपण जेवणाच्या ताटाएवढं करू."

मुठीएवढा पंखा? मग आठवलं, कॉलेजच्या पोरी हातात धरून फिरतात तो. बरोबर आहे.

"आणि हे बंद पडलं की?" मी उगीच विचारलं.

"बंद पडलं की हिरो मरतो."

मी घाम पुसत म्हणालो, "अगदी खरंय."

त्यानं पुढं आणखी गोष्टी सांगितल्या. चार कप्पे पाहिजेत. मी समजलो, कूलरसारखं पाणी ठेवायला असतील. दोन नळ्या बाहेर निघाल्या पाहिजेत, एक लाल, एक निळी. हे तर कुणालाही कळेल, लाल गरम वाफेची, निळी गार हवेची. झडपा उघडझाप करताना दिसल्या पाहिजेत. कूलरलाही असतात की. शेवटी तो म्हणाला, "हिरोईन त्यावर कान ठेवून आवाज ऐकती. धडधड, धडधड."

इथं मात्र मी अडखळलो. पंख्याचा धडधड आवाज येतो तो बेअरिंग गेलं की. नवीन पंख्याला असा आवाज कशाला पाहिजे? आणि पोरगी त्याला कान लावते? मग मी पुढच्या बाजूला जाळी घेतली. हिरोईनचा कान कापला जायला नको.

रात्रंदिवस वगैरे नाही, पण सुट्टीचे सगळे दिवस मी त्या मॉडेलवर घालवले. एवढी सुंदर चाकं आयुष्यात कधी काढली नव्हती. मागाच्या गिअरला नक्षी कोण करतो? इथं मी चाकाच्या प्रत्येक आऱ्याला वेलबुट्टी दिली. छोटा बॉयलर, त्यावर प्रेशरचा काटा, रिव्हेटची रांग, मध्ये पाच वळणदार पाती. स्क्रीनवर ते फिरायला लागलं की मी हात टेकून बघतच बसायचो.

एकदा बायको, रेखा, मागं येऊन उभी राहिली.

"टेबलफॅन काढताय का?"

"स्टीम पंखा आहे. सिनेमातला."

"आणि हिरो तो छातीवर बांधतो?"

"हो."

"कशाला?"

"विज्ञानकथा आहे."

तिनं स्क्रीनवरच्या पात्यांवर बोट ठेवलं. "अहो, एकदा सरळ विचारा की त्यांना, हे नक्की आहे काय म्हणून."

आता तुम्हीच सांगा, विचारायचं कसं? एवढी मापं घेतली, कप्पे झाले, नळ्या झाल्या, आणि आता विचारू, बाबा रे, मी बनवतोय काय? बार्शीच्या आडतीत माझी काय अब्रू राहील?

मी विशालला मॉडेलची चित्रं पाठवली. त्याचा लगेच फोन आला. "दादा, लई भारी. चाकं तर खतरनाक हायत. पण मधी ही पाती कशाला?"

"पाती नसली तर चालणार कसं?" मी म्हणालो.

मग तो म्हणाला, "व्हय, व्हय. तेबी हाय. तुमी इंजिनिअर माणूस, तुमाला जास्त कळतंय."

पुढं त्यानंच मला सांगितलं, तो तेव्हा पार गोंधळला होता. पण पहिलाच मोठा सिनेमा, त्यात मी सासऱ्यांच्या ओळखीतून आलेला मोठा माणूस. मला विचारलं तर दिग्दर्शकाला स्वतःचीच वस्तू कळत नाही असं वाटेल, म्हणून तो गप्प बसला. म्हणजे दोन शहाणे एकमेकांना घाबरून एक पंखा बनवत होते.

पुण्याहून थ्रीडी प्रिंट करून भाग मागवले, त्यांना पितळी रंग दिला, आत बॅटरीवरची मोटर बसवली. वाफेसाठी धूर सोडणारी छोटी डबी. मोटर मी जरा ताकदीचीच घेतली. म्हटलं, हिरोचा जीव यावर आहे, कंजुषी नको.

शूटिंग होतं एका बंद पडलेल्या गिरणीच्या शेडमध्ये. मी, रेखा आणि खास बार्शीहून आलेले सासरे, तिघं हजर. सासऱ्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. पत्र्याखाली आम्ही सगळे भाकरीसारखे भाजत होतो. पहिलं-दुसरं काही नाही, थेट शेवटचा प्रसंग. हिरो मरून पडलाय. हिरोईन त्याचा शर्ट बाजूला करते, किल्ली फिरवते, यंत्र सुरू होतं, ती कान ठेवते आणि म्हणते, "ऐकू येतंय मला. तू आहेस."

मी स्वतः हिरोच्या छातीवर पट्टे आवळले. तो बिचारा म्हणाला, "सर, जड आहे." मी म्हणालो, "चालू झालं की बरं वाटेल."

"ॲक्शन," विशाल म्हणाला.

हिरोईन रडत आली. खरं रडत होती, चांगली नटी होती. तिनं किल्ली फिरवली. माझी ताकदीची मोटर सुरू झाली.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. गिरणी बंद पडते, पण तिथला कापूस कुठं जात नाही. वर्षानुवर्षांचं कापसाच्या तंतूंचं तूस तिथं कोपऱ्याकोपऱ्यात, गठ्ठ्यांवर, तुळयांवर साचलेलं होतं. माझ्या पंख्यानं पहिला झोत सोडला आणि सगळं तूस उठलं. क्षणात शेडमध्ये काश्मीर झालं. हिरोईनचे केस सरळ मागं उभे राहिले. विशालच्या हातातले कागद गेले. हिरोची चिकटवलेली मिशी एका बाजूनं सुटली आणि पताकेसारखी फडफडायला लागली.

हिरोईननं तरी वाक्य सोडलं नाही. "ऐकू येतंय मला," ती म्हणाली आणि शिंकली. मग मेलेला हिरो शिंकला. एकदा नाही, सलग.

विशाल तुसातून चालत माझ्याकडं आला. भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

"दादा, हे वारं का सोडतंय?"

"पंखा आहे. वारं सोडणारच."

"कसला पंखा?"

"स्टीम पंखा. तुम्हीच सांगितलात की."

त्यानं भुवयांवरचं तूस पुसलं. मग अगदी हळू, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, "दादा, स्टीमपंक. पंक. ती एक स्टाईल असती. पितळ, चाकं, वाफ, जुन्या काळातलं यंत्रबिंत्र. पंख्याचा काय संबंध न्हाय."

"मग वस्तू कुठली होती?"

"काळीज. हिरोचं काळीज बंद पडतंय, त्या जागी यंत्राचं बसवत्यात. मी पयल्याच फोनला सांगितलं न्हवं, काळजाचं काम हाय म्हणून?"

माझ्या डोळ्यांसमोरून एकेक गोष्ट जायला लागली. मुठीएवढं. चार कप्पे. झडपा. लाल नळी, निळी नळी. धडधड. बंद पडलं की मरतो. अहो, पाचवीच्या पोरानं ओळखलं असतं. पाठीमागून रेखाचा आवाज आला, "सरळ विचारा म्हटलं होतं." तिनं आवाज अजिबात चढवला नव्हता, हे जास्त लागलं.

विशाल एका गठ्ठ्यावर बसला. "शेड आजच्यापुरतीच मिळालीय," तो म्हणाला. "सिनेमा या एका सीनवर उभा हाय." त्याचा चेहरा बघून मला खरंच भरून आलं. पोरानं माझ्यावर विश्वास टाकला होता.

मी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि पाती काढायला बसलो. म्हटलं, निदान वारं तरी थांबवू, चाकं फिरताना दिसतील. चार पाती निघाली. पाचव्याचा स्क्रू मीच इतका आवळून बसवला होता की त्याचं डोकंच झिजलं. मी झटतोय, घाम गळतोय, आणि उजेड चालला म्हणून विशालनं तसंच यंत्र हिरोच्या छातीवर ठेवून किल्ली फिरवली.

एकच पातं राहिलेला पंखा काय करतो? तोल जातो त्याचा. सगळं यंत्र हिसके द्यायला लागलं. धड-धड. धड-धड. चाकं फिरतायत, झडपा उघडतायत, बारीक वाफ निघतेय आणि हिरोची छाती आतून कुणी ठोकल्यासारखी वरखाली होतेय. हिरोईननं कुणी न सांगता कान ठेवला. विशालनं कॅमेरामनला फक्त हातानं खूण केली. शेडमध्ये कुणी शिंकलं नाही.

नंतर सगळे माझा हात हातात घेत होते, वाहवा करत होते. एकानं विचारलं, "ही आयडिया कशी सुचली?" मी गंभीरपणे म्हणालो, "अनुभव." लाइट लावणाऱ्या पोरांनी मात्र काढलेली पाती गोळा करून वारा घ्यायला नेली. तेवढ्यात मला कुणी 'काका' म्हटल्याचं ऐकू आलं, पण मी लक्ष दिलं नाही.

सिनेमा लागला तेव्हा आम्ही सगळे गेलो. सासरे बार्शीहून आडतीतले चार जण घेऊन आले होते. तो प्रसंग आला आणि सगळं थिएटर गप्प झालं. धड-धड, धड-धड. रेखानं माझा हात धरला. मला वाटलं, झालं ते झालं, पण काम चांगलं झालं.

सिनेमा संपला, लोक उठले. सासरे उठू देईनात. "थांबा, पाव्हण्यांचं नाव येणार हाय." पडद्यावर नावं सरकायला लागली. कलाकार गेले, संगीत गेलं, कपडे गेले, जेवणवाले गेले. माझं नाव येईना. अगदी शेवटी 'विशेष आभार' आलं. सासऱ्यांनी चष्मा सारखा केला आणि आडतीतल्या चौघांना ऐकू जाईल असं एकेक अक्षर लावून वाचलं, "पंखेवाले काका, सोलापूर."

मी खुर्चीत खाली सरकलो. चौघांतले एक म्हातारे गृहस्थ आदरानं पुढं वाकले आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पाव्हणं, उद्या बार्शीला जमंल का यायला? आमच्या माडीवरचा फॅन लई खडखड करतोय."

गेलो. चांगला चालतोय आता.