ड्रायव्हरच्या शेजारची जागा

मास्तरांनी आयुष्यात एकही वर्ग शिकवला नव्हता. यार्डात त्यांना मास्तर म्हणत ते त्यांच्या तोंडाच्या पट्ट्यामुळे. पोलादी पत्र्याच्या कॉइली, म्हणजे कागदाच्या रिळासारखी गुंडाळलेली, माणसाच्या खांद्याला लागणारी धुडं, उघड्या ट्रेलरवर साखळ्यांनी बांधणं हे त्यांचं काम. सव्वीस वर्षं ते हे काम करत होते आणि पंचवीस वर्षं त्याबद्दल बोलत होते. पहिलं वर्ष गप्प होते, कारण तेव्हा काही येत नव्हतं. हा विनोद त्यांचाच. पुढची हकीकतही त्यांनीच सांगितलेली, स्वतःच्या फजितीचे तपशील चवीनं घोळवत, तेव्हा त्यांना हसायला आपल्याला संकोच नको.

बांधण्याचं त्यांचं वेड घरापर्यंत पोचलं होतं. कपाट भिंतीला, गॅसची टाकी ओट्याला, टीव्ही टेबलाला, सगळं आवळलेलं. बायको म्हणायची, या घरात मोकळी आहे ती फक्त यांची जीभ. मास्तर हे कौतुक समजून चार लोकांत सांगायचे.

साखळ्यांइतकंच महत्त्वाचं असतं ते कॉइल ज्यांच्यावर बसते त्या लाकडी ठोकळ्यांखालचं रबर. साखळी मालाला दाबून धरते, पण घसरू देत नाही ते रबर. ते नसेल तर अचानक ब्रेक लागल्यावर गाडी थांबते, अठरा टनांची कॉइल थांबत नाही, आणि तिच्या वाटेत असते ड्रायव्हरची केबिन. हे मास्तरांनी इतक्या लोकांना इतक्या वेळा ऐकवलं होतं, की काही जण त्यांना लांबून बघूनच रस्ता बदलायचे. मात्र गेल्या वर्षापासून त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले होते आणि रबराच्या पट्ट्या ठेवलेल्या होत्या यार्डाच्या पार दुसऱ्या टोकाला. एकदा पट्ट्यांवाचून भागवलं. काही झालं नाही. मग अधूनमधून, मग बहुतेकदा. एक साखळी जास्त टाकायची आणि मनाची समजूत घालायची. आपण बांधलंय म्हटल्यावर कॉइल घसरायची हिंमत करणार नाही, असं त्यांना खरोखरच वाटायला लागलं होतं.

बांधणाऱ्यानं आपलं काम आपण तपासायचं नाही, असा यार्डाचा नियम होता. पण तपासनीस त्यांचा चहाचा सोबती. मास्तरांची बांधणी म्हटल्यावर तो लांबूनच मान डोलवायचा आणि खडूनं बरोबरची खूण करून मोकळा व्हायचा. तो निवृत्त झाला आणि त्याच्या जागी मास्तरांची भाची लागली, त्यांच्या मोठ्या बहिणीची मुलगी. मास्तरांनी सगळ्या यार्डाला सांगून ठेवलं, पोरगी हुशार आहे, माझी कामं बघून आठवड्यात तयार होईल. कुणी विचारलं नसतानाही सांगितलं.

पहिल्याच दिवशी भाची मास्तरांच्या गाडीपाशी आली. सहा साखळ्या, सगळ्या ताणलेल्या, ताण धरणाऱ्या लिव्हरच्या खिळी जागच्या जागी. मास्तर बाजूला हात बांधून उभे होते, कौतुक झेलायच्या तयारीत. भाची साखळ्या बघून झाल्यावर वाकली, ट्रेलरच्या फळीला गाल लावून तिनं ठोकळ्यांखाली बॅटरी मारली आणि सरळ होत म्हणाली, "मामा, रबर नाहीये. खोलायला लागेल."

आता खोलायचं म्हणजे साखळ्या काढा, क्रेन परत बोलवा, कॉइल उचला. तासाभराचं काम. शिवाय आजूबाजूला माणसं गोळा झालेली. मास्तरांनी तोंडाचा पट्टा सोडला. तू रांगत होतीस तेव्हापासून मी हे करतोय, इथून सुरुवात करून सहाव्या साखळीचं माहात्म्य, मग स्वतःचं माहात्म्य. ट्रेलरचा ड्रायव्हर मडगार्डला टेकून ऐकत होता. भाचीनं मधे तोंड घातलं नाही. मास्तरांचा दम संपल्यावर ती म्हणाली, "बरं. तुम्ही ड्रायव्हरच्या शेजारी बसा. यार्डात एक फेरी मारून जोरात ब्रेक लावू. कॉइल हलली नाही तर मी खूण करते."

मास्तर छाती काढून केबिनकडे गेले. दार उघडलं. एक पाय पायरीवर ठेवला, दांडी धरली. आणि दुसरा पाय जमिनीवरून उचलेना. गुडघ्याचं कारण द्यावं असं मनात आलं, पण त्या क्षणी गुडघा अजिबात दुखत नव्हता. भीती वाटत होती. मागे मान वळवून त्यांनी कॉइल बघितली आणि रोज दिसणारं ते धूड त्यांना पहिल्यांदाच ड्रायव्हरच्या बाजूनं दिसलं. सव्वीस वर्षांची अक्कल एका पायावर उभी, आणि सगळं यार्ड बघतंय. कुठल्या तोंडानं खाली उतरलो, असं ते अजून विचारतात.

उतरले आणि साखळ्या खोलायला लागले. ड्रायव्हर एवढंच म्हणाला, "म्हणजे मी एकटाच बसणार होतो."

पट्ट्या मास्तरांनी स्वतः आणल्या, लंगडत, दोन खेपांत. क्रेन आली, कॉइल उचलली, रबर घातलं, परत बांधलं. भाची पुन्हा वाकली, पुन्हा बॅटरी मारली आणि तिनं खूण केली. फेरीची आता गरज नाही, असंही म्हणाली. पण मास्तर आपण होऊन केबिनमध्ये चढले. ड्रायव्हरनं गाडी फिरवली, यार्डाच्या मोकळ्या भागात वेग घेतला आणि ब्रेकवर उभाच राहिला. मास्तर पुढच्या काचेपर्यंत जाऊन आले. कॉइल तसूभरही हलली नाही.

मास्तरांना वाटलं, प्रकरण मिटलं. ते हसून काहीतरी बोलणार, तेवढ्यात ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.

"मंगळवारची माझी गाडी तुम्हीच बांधली होती ना, मास्तर?"

"हो."

"तिच्यात होतं रबर?"

होतं म्हणून सांगणं सोपं होतं. माल केव्हाच पोचला होता, ठोकळे कुणी बघायला जाणार नव्हतं.

"नव्हतं," ते म्हणाले.

ड्रायव्हर रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो समोरच्या काचेकडे बघत राहिला.

"मंगळवारी बायको बरोबर होती," तो म्हणाला. "तिच्या आईकडे सोडायचं होतं तिला. तुम्ही बसलाय ना, तिथंच बसली होती. उताराला डुलकी लागली होती तिला."

मास्तरांना खाली उतरायचं होतं. दाराची कडी त्यांच्या हाताला सापडेना.