कॅलेंडरच्या कव्हरातलं सिनेमाचं पुस्तक

आमच्या घरात सिनेमा हा शब्द शिवीसारखा होता. उगाच नाही. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आपल्या धाकट्या भावाला साताऱ्याकडच्या गावातून पिंपरीला आणलं, स्वतः होते त्याच कंपनीत चिकटवलं. अण्णा पहिल्या पाळीला असताना तो एका सकाळी शेजाऱ्यांना सांगून निघाला, सिनेमात काम मिळतंय, मुंबईला जातो. गेला तो गेलाच. अण्णांनी कितीतरी सुट्ट्या त्याला शोधण्यात घातल्या. मग त्याचं नावच टाकलं. सत्तरचं दशक सरता सरता शेजारी टीव्ही आला, तेव्हा आम्हाला तिकडे जायची बंदी होती. मी खिडकीतून बघायचेच. कार्टून लागलं की मला तहानभूक नसायची.

अशा घरातल्या मुलीने सिनेमाच्या शिक्षणासाठी अर्ज करणं म्हणजे आ बैल मला मार. पण मी केला. कॉलेजातल्या आमच्या मॅडमना सिनेमाचं भारी वेड. त्यांनी स्वतःच्या कपाटातून तीन इंग्रजी पुस्तकं काढून दिली आणि तंबी दिली, ही वाचल्याशिवाय मुलाखतीला तोंड दाखवायचं नाही. मुलाखत पुण्यात, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. सिनेमाच्या इतिहासाचं जे होतं ते रटाळ, खोटं कशाला बोलू. टीव्हीवरची कार्टून एकेक चित्र काढून कशी हलवतात, ते सांगणारं दुसरं मी अधाशासारखं वाचलं. आणि दिग्दर्शकांवरचं तिसरं! एखादा माणूस नुसता दाराकडे बघत बसलाय, हे दिग्दर्शक आपल्याला इतका वेळ का दाखवतो, हे त्यात वाचलं आणि मी पार येडी झाले. आता दुसरं काही शिकायचं नाही, हे तिथेच ठरलं.

पुस्तकं लपवायची तर दोन खोल्यांत जागा कुठे? मग मी डोकं चालवलं. जुन्या कॅलेंडरची कव्हरं घातली, देवीचं चित्र बाहेरून. देवीच्या चित्राला आमच्याकडे कुणी उगाच हात लावत नाही. अण्णांच्या समोर बसून वाचायचे. स्वतःच्या हुशारीचं मला कोण कौतुक! अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

दसऱ्याला सकाळी आंघोळ करून आले तर पूजा मांडून झालेली. पाटावर अण्णांची कंपनीतली हत्यारं, वर्निअर, मायक्रोमीटर, पान्हे, आणि मधोमध झेंडूच्या फुलांत माझं दिग्दर्शकांवरचं पुस्तक. देवी दिसली म्हणून आईने मानाने तिथे ठेवलेलं. तिचं तरी काय चुकलं? आता मेले, म्हटलं. कारण अण्णा नुसतं वरून हळदकुंकू वाहत नसत, प्रत्येक पुस्तक उघडून पहिल्या पानावर बोटाने हळदीचं स्वस्तिक काढत. मी हात पुढे केला तर आईने डोळे वटारले. एकदा पूजेत ठेवलेलं पुस्तक दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायचं नसतं.

अण्णांनी उघडलं. पहिल्याच पानावर कॅमेऱ्याला डोळा लावलेला टोपीवाला साहेब आणि त्याच्यासमोर उघड्या खांद्यांची गोरी नटी. अण्णांना इंग्रजी येत नव्हतं, पण डोळे होते ना. हळदीचं बोट तसंच हवेत राहिलं. आईची घंटा थांबली. आता पूजेचं ताट उडणार, म्हणून मी भिंतीला चिकटले. अण्णांनी नटीला वगळून कडेच्या कोऱ्या जागेत बारीकसं स्वस्तिक काढलं आणि पुस्तक मिटलं.

"कवा जायचंय?" त्यांनी विचारलं.

उद्या सकाळी, पुण्याला, मुलाखत आहे, असं काहीतरी मी पुटपुटले. ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. दिवसभर तोंडातून शब्द नाही. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडायला मलाही येतं, मी त्यांचीच मुलगी. हे गप्प बसणं मला झेपेना. संध्याकाळी सोनं देऊन पाया पडले, तेव्हा डोक्यावर नुसता हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा कामावर गेलेच नाहीत. ताप असला तरी पाळी न चुकवणारा माणूस, चपला घालून दारात बसला होता, बरोबर उंबऱ्याच्या मधोमध. माझी पाचावर धारण बसली. अडवलं तर भांडायचं, रडायचं, की मुकाट्याने मागे फिरायचं? आयुष्य सगळं त्या उंबऱ्यावर येऊन अडलं होतं. जाते, म्हटलं. ते उठले, माझ्या हातातली पुस्तकांची पिशवी घेतली आणि चालू लागले.

बाजारातून ते पुढे, मी मागे. आता कुठे नेतात, गावाला नेऊन टाकतात की काय, हेच मनात. गावची गाडी मिळते त्या स्टेशनचा रस्ता मागे पडला तेव्हा जरा हायसं वाटलं. बसथांब्यावर पोचलो. बस आली, मला खिडकीशी जागा मिळाली. त्यांनी खिडकीतून पिशवी आत दिली आणि खिडकीचा गज धरला.

"सांजच्याला येशील ना घरी?"

अहो, पुणं ते केवढंसं लांब! वर्षानुवर्षं मी रोज तिथे कॉलेजला जाऊन येत होते. मी हो म्हटलं. कंडक्टरने घंटी मारली, बस हलली, तरी ते गज धरून बरोबर चालत तेच विचारत होते, आणि मी प्रत्येक वेळी हो म्हणत होते.