सगळ्यात लांब सर्च

मंडळी, मी घरपोच रुग्णसेवा देणाऱ्या एका कंपनीचं मार्केटिंग बघतो. लोक काय सर्च करून आमच्या साइटवर येतात, ती यादी रोज माझ्यासमोर असते. सर्च जितका लांब, तितका माणूस अडलेला. आणि अडलेला माणूस घासाघीस करत नाही. हे मीच टीमला शिकवलंय.

आज मीटिंगमध्ये नमुना म्हणून सगळ्यात लांब सर्च मोठ्याने वाचला.

"नारायण पेठ, तिसरा मजला, लिफ्ट नाही. पत्नीस डायलिसिससाठी खुर्चीतून खाली उतरवण्यास दोन माणसे हवीत. मुलगा वारज्यास असतो, त्यास कामातून उठवणे बरे दिसत नाही. कळावे."

सगळे हसले. सर्चमध्ये 'कळावे' कोण लिहितं!

जन्मभर सरकारी कचेरीत पत्रं लिहिलेले माझे बाबा लिहितात.

बॉस म्हणाले, "गिऱ्हाईक पक्कं. अशांसाठी जाहिरात वाढवा."

आईचं डायलिसिस मला माहीत होतं. तिला खाली कसं उतरवतात, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

बाहेर येऊन फोन लावला. बाबा म्हणाले, "अरे, नेटवर लगेच माणसं मिळाली. तू काम कर."

तुमच्या घरचे अडचण आधी कुणाला सांगतात हो?