गुरवांनी न लावलेला कौल

आमच्या देवळातल्या गुरवांना बोलायची घाई म्हणून कधी नसायची. आधी पान चघळायचे, खांद्यावरच्या पंच्याला हात पुसायचे, मग तोंड उघडायचे. देवाला पाकळ्या चिकटवून कौल लावायचा मान त्यांचा. उजवी पाकळी पडली की देवाचा होकार, मग गावाचं ठरलंच म्हणायचं.

त्या विधानसभेला एक उमेदवार नारळ घेऊन देवळात आला. म्हणाला, "कौल लावा. देव सांगेल त्यालाच सगळा गाव मत देईल." मी तिथेच उभी होते. मी मनात दुसऱ्याला मत द्यायचं ठरवलेलं, पण देवाविरुद्ध जायची माझी कुठली छाती?

गुरवांनी हात पुसले. "पाऊस, लगीन, आजार, सगळा मी देवाक विचारतंय. पण घटनेन मत माणसाक दिल्यान. देवाचा नाव मतदारयादीत नाय. ह्या तुमका कळना नाय, तर मुंबयक जावन कायदे कसले करतलास?"

उमेदवार नारळ तिथेच ठेवून निघून गेला. मला कसं हायसं वाटलं म्हणून सांगू.

मत देऊन परतताना गुरव वाटेत भेटले. मी हळूच विचारलं, "काकानू, कोणाक दिल्यात?"

ते पान चघळत राहिले. मग म्हणाले, "ता मी देवाक पण सांगूक नाय, गो."