ओढ्याकाठचं पान

सुदामआबांचा मुलगा अशोक शाळेच्या फाटकाशी लूना उभी करून आत आला, तेव्हा मी दहावीच्या बैठकव्यवस्थेचा तक्ता करत होते. "बाई, आबा गेले," एवढंच म्हणाला. मी त्याला पाणी दिलं आणि त्याच तक्त्याच्या पाठीवर कुणाकुणाला कळवायचं ते लिहायला घेतलं. डाळज, भिगवण, कळंब, बारामती... मला तेवढंच येतं. रडू आलं ते आता, दहा-बारा आठवड्यांनी.

सुदामआबा म्हणजे आमच्या जुन्या गावचे टपालवाले. ते गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी हटलं की घरांची जोती उघडी पडतात, आणि पांगलेले आम्ही सगळे एका रविवारी तिथं जमतो. ज्यानं त्यानं आपल्या जोत्यावर बसून भाकरी खायची, एवढाच कार्यक्रम. एक्याण्णवच्या उन्हाळ्यात मी वही नेली. कुठलं जोतं कुणाचं ते आपल्यामागं कोण सांगणार? नियम एकच ठेवला होता: जागेवर उभं राहिल्याशिवाय नोंद करायची नाही.

आबा नसते तर ती वही झालीच नसती. दोन भाऊ एका जोत्यावरून हुज्जत घालत होते, तर आबा म्हणाले, "आरं, तुमची चूल तकडं. हितं ह्या शेजारच्यांची आत्या ऱ्हायची. पत्र घ्यायला यायची तवा हाताला पीठ आन् डोळ्याला पानी!" भांडणारेसुद्धा हसले. वाचता न येणाऱ्या बायकांची पत्रं आबाच वाचून दाखवायचे, उत्तरंही तेच लिहायचे. जेवणं उरकली की गळ्यात ढोलकी अडकवून गायचे. तरुणपणी जलशात गायलेला गळा... पाण्यावरचे बगळे उठायचे. आबा भाकरीही उभ्यानंच खायचे. मी म्हणायचे, "आबा, बसा की जरा." "टपालवाल्याला बसायची सवय न्हाय, बाई."

तिसऱ्या उन्हाळ्यात शेवटचं जोतं लिहिलं, खाली रेघ मारली, 'यादी पूर्ण' लिहिलं आणि वही कौतुकानं आबांच्या हातात दिली. त्यांनी पानं चाळली. पुन्हा पहिल्यापासून चाळली.

"बाई, आमचं वड्याकाठचं पान कुठं हाय?"

वेशीबाहेर, ओढ्याकाठी बौद्ध वस्ती होती. मी वेशीपाशीच थांबले होते. तसं कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या मनातलं गावच तिथं संपत होतं.

"चुकलं, आबा."

"असू द्या. तोंडी सांगू का? पंधरा घरं हायती. पाठ हायती मला."

आणि मी, नियमाची पक्की, म्हणाले, "नको, जागेवर उभं राहूनच लिहू. पुढच्या वर्षी पहिलं तेच."

"पानी तितनं हटलं तर," ते म्हणाले.

ती जागा सगळ्यात सखल. आधीच्या तीन उन्हाळ्यांसारखीच पुढचे तीन उन्हाळेही ती उघडी पडलीच नाही. आबा पाण्याकडं बघायचे, "आजून न्हाय" म्हणायचे आणि ढोलकीला हात घालायचे. त्या तीन वर्षांत त्यांच्या घरी कितीदा चहा प्यायले. वही पिशवीतच असायची.

यंदा पाणी पार तळाला गेलं. परवाच्या रविवारी ओढ्याकाठी चिखल वाळून भेगाळला होता आणि पंधराच्या पंधरा जोती उघडी होती. अशोक माझ्याबरोबर होता. गाव उठलं तेव्हा तो पाळण्यात होता, आणि वस्तीतल्या जुन्या माणसांत एकटे आबाच उरले होते. आम्ही या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलो, परत आलो.

"बाई, ह्यातलं आमचं कुठलं?"

मी वही उघडली. वर मथळा, खाली एक ते पंधरा आकडे, पुढं काही नाही.

वेशीच्या आत भाकरीची फडकी सुटली होती. यादीतलं पहिलं जोतं माझंच. तिथून मला हाका येत होत्या. मी गेले नाही. अशोकला म्हटलं, बस कुठंतरी. तो म्हणाला, "नको बाई. भलत्याच्याच घरात बसायचो."

मग आम्ही दोघांनी उभ्यानंच भाकरी खाल्ली. सहा उन्हाळे आबा खायचे, तशी.