सव्वा मूठ गहू

माझा स्वभाव तापट. शाळेत शिकवत होते तेव्हा मुलं मला लांबून पाहून वाट बदलायची. निवृत्तीनंतर तो सगळा ताप तुरुंगातून सुटलेल्यांच्या वाट्याला आला. जळगावात आमची पाच-सहा जणांची मंडळी आहे. धुळ्याहून, जळगावहून माणूस सुटला की त्याला काम बघून द्यायचं, खोली बघून द्यायची आणि तो पुन्हा आत जाऊ नये म्हणून त्याच्या मागे लागायचं. हे शेवटचं काम माझ्याकडे. मागे लागण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

हा गडी चोपड्याकडच्या एका गावचा. शेतातल्या पाण्याच्या मोटारी चोरून दोनदा आत गेलेला. तिशी उलटलेली, अंगाने दणकट आणि बोलायला इतका गोड, की पहिल्याच भेटीत मी त्याला दम भरला, गोड बोलून माझ्याकडे काही मिळत नाही म्हणून. त्याने मान डोलावली आणि दुसऱ्या भेटीत माझ्या मोरीतला गळका नळ नीट करून दिला. मग काय, विरघळले मी. फैजपूरच्या एका केळीच्या व्यापाऱ्याकडे त्याला लावून दिलं. घडाच्या फण्या सोडवायच्या, धुवायच्या, खोक्यात भरायच्या. व्यापारी फोनवर त्याचं कौतुक करायचा आणि मी अशी फुगायचे, जसं काही मीच त्याला जन्म दिलाय.

पण चार महिन्यांत त्याच्या घरून कोणी फिरकलं नव्हतं. त्याचा जुना साथीदार मात्र मोटारसायकलवर दोनदा येऊन गेला होता.

श्रावण लागला. शुक्रवारी व्यापाऱ्याचा फोन आला. रविवारी कानबाईचे रोट, सगळे मजूर सुट्टी मागून गावी निघालेत, तुमचा माणूस तेवढा इथेच थांबतो म्हणतोय. आमच्या घरी कानबाई देवी बसत नाही, पण खानदेशात राहून एवढं तर कळतंच, की रोटांच्या सणाला सुरतेला गेलेला माणूससुद्धा घरी येतो. मी लगेच त्याला फोन लावला. आधी त्याने उडवाउडवी केली, मग म्हणाला, घरून आवतन नाही. आणि रविवारी तो साथीदार शिरपूरला बोलावतोय, तिकडे जाईन म्हणतो.

माझं डोकंच फिरलं. चोराला चोराचं आवतन येतं आणि सख्ख्या भावाचं येत नाही! त्याच्या थोरल्या भावाचा नंबर आमच्या कागदात होता. फोन लावला आणि शाळेतल्या आवाजात सुनावलं, की धाकट्याला रोटांचं आवतन द्या, नाहीतर तो पुन्हा वाया जाईल. पलीकडून एकच वाक्य आलं, त्याला आवतन मिळणार नाही. फोन बंद. आणि मी, शहाणी, तेच वाक्य जसंच्या तसं त्याच्या कानावर घातलं. तो "बरं अक्का" म्हणाला. ते "बरं" ऐकून मला रात्रभर चैन पडली नाही.

शनिवारी सकाळी पहिली एसटी धरून मी त्याच्या गावी धडकले. ओसरीवर त्याची वहिनी दळणाचे गहू मोजत होती. रोटांना घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात, तेवढ्याच पिठाचे रोट, नैवेद्याच्या जाड पोळ्या, होतात आणि ते घरच्यांनीच खायचे असतात. मी चपला काढायच्या आधीच सुरू झाले. तुम्हाला माया आहे की नाही, पोरगं रस्त्यावर टाकता, वगैरे, तोंडाला येईल ते. ती बाई मोजणी चुकू नये म्हणून मान खाली घालून मोजतच राहिली. आवाज ऐकून थोरला भाऊ गोठ्यातून आला. माझं सगळं होऊ दिलं आणि मग म्हणाला,

"घरना माणूसले कोनी आवतन धाडस का? आवतन पाव्हनासले ऱ्हास."

घरच्या माणसाला बोलावणं धाडलं, तर तो परका झाला असं होतं म्हणे. चार महिने हे वाट पाहत होते आणि तो तिकडे आवतनाची वाट पाहत बसला होता. वहिनीने हातातली मूठ परडीत सोडली आणि मला म्हणाली, "त्यानी मूठ एक सालबी चुकनी नही, अक्का." तो तुरुंगात असताना त्याच्या वाटणीचा रोट ती स्वतः खायची, वाया जाऊ नये म्हणून. मला रडू आलं. लपवलं नाही, कशाला लपवायचं?

मी म्हटलं, मग हे त्याला फोनवर सांगा. भाऊ तयार होईना. म्हणाला, सांगितलं तर तेही आवतनच झालं. हे भाऊबंद म्हणजे ना! शेवटी मीच लावला. तो उचलेना. सहाव्यांदा उचलला, मागे मोटारसायकलचा आवाज येत होता. मी ओरडले नाही. आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलले. "तुझी मूठ दरसाल पडतेय रे. आत्ताही माझ्यासमोर पडली." पलीकडून फोन बंद झाला.

त्या घरच्यांनी मला मुक्कामाला ठेवून घेतलं. रविवारी दुपारपर्यंत मी दहा वेळा फाट्यापर्यंत जाऊन आले. अकराव्यांदा निघाले तेव्हा तो समोरून पायी येत होता, खांद्यावर केळीचा अख्खा घड. दारात पाहुण्यासारखा थबकला. वहिनीने "ये"सुद्धा म्हटलं नाही. उशीर केला म्हणून रागावली आणि हातात रिकामी घागर दिली. तो पाणी आणायला गेला तो डोळे पुसतच.

पंगतीत मला पाटावर बसवून पुरणपोळी, खीर, गिलक्याची भजी, सगळं आग्रहाने वाढलं. तो माझ्या शेजारी. त्याच्या ताटात रोट होता. माझ्या मोरीतला नळ त्याने ज्या हक्काने खोलला होता, त्याच हक्काने मी त्याच्या ताटातला तुकडा मोडायला हात पुढे केला.

त्याने चटकन ताटावर हात आडवा धरला.

"तुमले नही चाले, अक्का. हाई घरनासनं शे."

मी हात मागे घेतला आणि पुरणपोळीवर तूप मागून घेतलं.