‘अप’चा तास

१९६३ सालच्या थंडीत, शहापूरच्या शाळेत, दहावीच्या इंग्रजीच्या तासाला मी सोमाच्या कानाखाली मारली. ते वर्गाने पाहिलं. वर्गाला जे दिसलं नाही ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोला नाही, भावालाही नाही. पुढे वर्तमानपत्रात इतरांचे गुन्हे छापत राहिलो. हा कुठेच छापला नाही.

सोमा ठाकूरवाडीतला. वाडीतून दहावीपर्यंत पोचलेला पहिलाच मुलगा. नापास झालास तर आमच्यासंगं वीटभट्टीवर, असं बापाने बजावलेलं. त्याची वाट आमच्या शेतातून जायची, म्हणून शाळेत आम्ही बरोबर जायचो.

त्या थंडीत मास्तर ‘अप’ची क्रियापदं घेत होते. अप म्हणजे वर — इतकं ठाऊक होतं. मग ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणं कसं? ‘ब्रिंग अप’ म्हणजे लहानाचं मोठं करणं कसं? मास्तर म्हणत, विचारू नका, पाठ करा. सकाळी बांधावरून चालताना मी सोमाला अर्थ सांगायचो. तो प्रत्येक क्रियापदाला घरचं काहीतरी बांधायचा. ‘ब्रिंग अप म्हंजे आमची शेळी,’ तो म्हणायचा. ‘पिलू व्हती तवापासून मीच केली ना मोठी.’

मास्तरांचा नियम होता. ते क्रियापद विचारत. ज्यांना अर्थ येत नसे ते उभे राहत, आणि ज्याला आला त्याने त्या सगळ्यांच्या थोबाडीत मारायची. मास्तरांचा हात दुखत नसे. मी बहुतेकदा मारणारा, सोमा उभा असलेला. आमचं दोघांचं ठरलेलं होतं — तळवा पोकळ ठेवायचा. आवाज मोठा येतो, लागत नाही.

‘भाकरी थापल्यागत मारतोस रे,’ वाटेत तो हसायचा. ‘आयशीला मदत करत जा.’

त्या दिवशी मास्तरांनी ‘ब्रिंग अप’ विचारलं. मला आठवेना. मीच शिकवलेलं — आणि आठवेना. ओळीने सगळे उभे राहिले. एकट्या सोमाला आलं.

तो एकेकाला मारत माझ्यापुढे आला. तळवा पोकळ केला आणि गालाला नुसता टेकवला. वर्ग हसला.

‘गाल कुरवाळतोस काय रे?’ मास्तर म्हणाले. मग माझ्याकडे वळून, ‘दाखव त्याला, कशी मारतात ती.’

मास्तरांनी सांगितलं म्हणून मारली — असं म्हणता येईल. पण तळवा पोकळ ठेवायचा की सपाट, हे मास्तरांनी सांगितलं नव्हतं. आमचं ठरलेलं त्यांना माहीतच नव्हतं. मी तळवा सपाट ठेवला. मुद्दाम. का? त्याला आलं होतं, मला आलं नव्हतं, आणि वर्ग हसला होता. याहून मोठं कारण मी किती वेळा शोधलं — सापडलं नाही.

सोमाने डावा कान धरला. माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तो वाटेत भेटला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मग त्याची आई बांधावर येऊन उभी राहिली.

‘काय झाला रे साळंत? कान धरून बसलाय. इचारला तर बोलत नाय. मास्तरांना येऊन भेटू का मी?’

म्हणजे त्याने माझं नाव सांगितलं नव्हतं. मला एवढंच सांगायचं होतं — मी मारलं, माझं चुकलं, त्याला पाठवा. मी म्हणालो, ‘नको येऊ मावशी. त्याला इंग्रजी जमत नाय.’

‘मंग ऱ्हाऊ दे,’ ती म्हणाली. ‘तुला कळतं बाबा. आमाला काय?’

होळीच्या आधी वाडीतली माणसं भट्टीवर गेली. सोमा त्यांच्याबरोबर गेला. शाळेत कुणी विचारलं की मी तेच सांगायचो — इंग्रजी जमलं नाही. पुढच्या वर्षी मी मॅट्रिक झालो.

१९६८ साली मी मुरबाडच्या एस.टी. स्टँडवर त्याला पाहिलं. भर दुपार होती, स्टँड रिकामं होतं. तो बाकावर बसला होता, मांडीवर लहान मूल. मी त्याच्या डाव्या बाजूला, चार हातांवर उभा होतो. मी हाक मारली, ‘सोमा.’ मुलाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. सोमाने पाहिलं नाही. मी पुन्हा, मोठ्याने हाक मारली. तो समोर बघत राहिला.

मी त्याच्या उजव्या बाजूला गेलो नाही. शहापूरची गाडी लागली, तीत बसलो.